नस जोडायची, पण मधली अडीच सेंटीमीटर कशाने भरायची?

उजवा_हात_सुट्टीवर (धागाकर्ती)

डाव्या हाताने टंकतेय, चुका पोटात घाला.

पाच महिन्यांपूर्वी काचेचा पेला विसळताना हातातच फुटला आणि उजव्या मनगटावर, तळव्याच्या बाजूला, जेमतेम दोन सेंटीमीटरची जखम झाली. जिथे गेले तिथे कातडीला चार टाके घालून घरी पाठवलं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर लागतंय असं मी तेव्हाच म्हटलं होतं. "सूज आहे, उतरली की येईल," एवढंच उत्तर मिळालं. सूज उतरली, बधिरपणा काही गेला नाही. आता अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा पार खपाटीला गेलाय आणि बटण लावायचं तर खाली मान घालून बघत लावावं लागतं. बोटांना बटण सापडतच नाही.

गेल्या आठवड्यात एकदाची हाताच्या सर्जनकडे पोचले. मीडियन नर्व्ह (मनगटातून अंगठा आणि शेजारच्या बोटांकडे जाणारी नस) पूर्ण कापली गेलीय, वरच्या टोकाला न्यूरोमाची, म्हणजे भरकटलेल्या कोंबांची, गाठ झालीय. गाठ आणि खराब टोकं छाटली की मधे साधारण अडीच सेंटीमीटरची फट राहील. ती भरायला तीन पर्याय सांगितले: माझ्याच पायातली एक नस काढून तिचे तुकडे लावायचे, मृत्यूनंतर दान केलेली आणि प्रक्रिया करून ठेवलेली नस लावायची, किंवा कृत्रिम नळी बसवायची. त्यांचा कल पायाच्या नसेकडे. विचार करायला आठवडा दिलाय.

माझं घोडं एकाच ठिकाणी अडलंय. तयार नळी मिळते म्हणतात, मग माझा धडधाकट पाय का कापायचा? डॉक्टरांना विचारीनच, पण तिथे समोर बसलं की निम्मे प्रश्न आठवत नाहीत. म्हणून हा धागा. (माझ्या परिस्थितीत 'धागा काढला' हा शब्दप्रयोग जरा जास्तच चपखल बसतोय, माहितेय.)

नुसता_वाचक

वाचतोय. लवकर बऱ्या व्हा ताई.

फ्यूजवायर

मी विजेची कामं करतो म्हणून अडाणी प्रश्न विचारतो. वायर तुटली तर मधे वायरचाच तुकडा टाकून सोल्डर मारतो आपण. पायाची नस लावणं मला समजतं. पण पोकळ नळी टाकली तर त्यातून करंट जाणार कसा? कुणीतरी इस्कटून सांगा.

दहा_शून्य

मी हाताच्याच शस्त्रक्रिया करतो. धागाकर्तीचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांवर वरताण करणार नाही. पण फ्यूजवायर, तुमच्या डोक्यातलं चित्र बहुतेक सगळ्या पेशंटांच्या डोक्यात असतं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो, म्हणून लिहितो.

नस म्हणजे वायर नव्हे. तिच्यातला एकेक अक्षतंतू हा एका जिवंत पेशीचा लांबच लांब हात असतो. पेशीचं घर मणक्याच्या आत किंवा त्याला लागून, आणि हात पार बोटाच्या टोकापर्यंत. मनगटावर काच लागली की हाताचा पुढचा भाग घरापासून तुटतो आणि काही दिवसांत त्याचे तुकडे होऊन तो विरून जातो. ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे 1850 साली दाखवलं. त्या प्रक्रियेला अजून त्याचंच नाव आहे.

त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली मी दोन टोकं कितीही सुबक शिवली, तरी त्या क्षणी 'कनेक्शन' असं काही होतच नाही. पुढची नस रिकामी झालेली असते. मागच्या टोकाला नवे कोंब फुटतात, ते फट ओलांडतात, पलीकडच्या रिकाम्या नळकांड्यांमध्ये शिरतात आणि दिवसाला साधारण 1 मिलिमीटर सरकत बोटाकडे निघतात. तार ज्याची त्यालाच वाढवावी लागते. आमचं काम वाट करून देण्याचं. नळी काय, पायाची नस काय, दोन्ही त्या वाटेसाठीच.

"मग टोकं ओढून एकत्र का आणत नाही?" हा पुढचा प्रश्न असतोच. चार-पाच मिलिमीटरची फट असेल तर आणतोही. पण ताण नसेला सोसत नाही. 1973 मध्ये सशांवर झालेल्या प्रयोगात नस 8 टक्के ताणल्यावर शिरांमधला प्रवाह मंदावला आणि 15 टक्क्यांच्या आसपास रक्तपुरवठाच थांबला. ताणून शिवलेली नस टेबलावर छान दिसते, पण आतून उपाशी मरते. व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसींनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हे ठासून मांडलं की ताणापेक्षा कलम, म्हणजे मधे दुसऱ्या नसेचा तुकडा, बरं, आणि तेव्हापासून आमची पिढी तेच शिकत आलीय.

उजवा_हात_सुट्टीवर

डॉक्टर, खूप आभार. पण मग पायातून काढलेली नसही घरापासून तुटलेलीच ना? म्हणजे तिच्यातले अक्षतंतूही मरणार. मेलेली नस आणि नळी, फरक काय राहिला? उलट माझा मुद्दा पक्का झाला की!

गुलाबवाला

अवांतर आहे, पण 'कलम' शब्दावर राहवत नाही. गुलाबाला डोळा भरतो तेव्हा डोळा जिवंत राहतो, तोच फुटतो, फुलं त्याचीच येतात. खुंट नुसता पाणी पुरवतो. डॉक्टर सांगताहेत ते बरोब्बर उलटं दिसतंय. इथे बसवलेला तुकडा स्वतः फुटत नाही, त्याच्या पोटातून खुंटच फुटून पलीकडे जातो. म्हणजे आमच्या भाषेत हे कलम नव्हेच.

दहा_शून्य

गुलाबवाले, ही उपमा आता मी ओपीडीत वापरणार. परवानगी गृहीत धरतो.

धागाकर्तीचा प्रश्न मात्र फार नेमका आहे. सगळी मेख तिथेच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

नसेत अक्षतंतूंखेरीज आणखी एक वस्ती असते, श्वान पेशींची. (कुत्र्याचा संबंध नाही. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव.) एरवी त्या अक्षतंतूभोवती मायेलिनचं आवरण गुंडाळून बसलेल्या असतात. अक्षतंतू गेला म्हणून त्या मरत नाहीत. मायेलिन टाकून देतात, कचरा उपसायला हातभार लावतात, संख्येने वाढतात, रांग धरून उभ्या राहतात आणि येणाऱ्या कोंबांना रासायनिक हाका मारतात. पायाच्या नसेत अक्षतंतू मरतात, पण ही रांग आणि तिच्याभोवतीची लॅमिनिन या प्रथिनाने मढवलेली बारीक नळकांडी टिकतात. नस बारीक असल्यामुळे सुरुवातीचे दिवस तिला भोवतालच्या ऊतींतून ओल मिळत राहते, मग रक्तवाहिन्या आत शिरतात. जाड नस अख्खी उचलून लावली तर तिचा गाभा उपाशी राहतो. म्हणूनच पायाच्या बारीक नसेचे तीन-चार तुकडे शेजारी शेजारी जुडीसारखे लावतात.

आता पोकळ नळी घ्या. तिथे रांग नाही, नळकांडी नाहीत. सगळं शून्यातून उभं राहायचं. ते कसं राहतं हे स्वीडनच्या योरान लुंडबोर्ग यांनी 1980 च्या दशकात उंदरांच्या मांडीतल्या नसेवर सिलिकॉनची नळी लावून बघितलं. पहिल्या काही तासांत दोन्ही टोकांतून पाझरणारा द्रव नळीत भरतो. आठवडाभरात त्यातल्या फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणारं तंतुमय प्रथिन) एक दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत विणला जातो, टोकांशी जाड आणि मधे बारीक, डमरूसारखा. दुसऱ्या आठवड्यात दोन्हीकडून पेशी त्या दोरावर चढतात, आणि त्यांच्या मागोमाग अक्षतंतू. फट 10 मिलिमीटरची असेल तर हे सगळं होतं. 15 मिलिमीटरची असेल तर बहुतेक वेळा होत नाही, कारण डमरूची कंबरच बनत नाही. दोर नाही तर पूल नाही.

माणसाची नस उंदरापेक्षा सरस भरून येते अशातला भाग नाही. नळ्यांबाबत 3 सेंटीमीटर हा आकडा तुम्हाला वाचायला मिळेल, पण तो वरच्या टोकाचा आहे आणि मुख्यतः बोटांतल्या बारीक, नुसत्या स्पर्शाच्या नसांचा आहे. मीडियन नर्व्ह मनगटात साधारण पेन्सिलीच्या अलीकडची जाडी. व्यास दुप्पट झाला की नळीतली पोकळी चौपट होते. टोकांतून पाझरणारी रसद त्या पोकळीत पातळ होऊन जाते. शिवाय तुमच्या नसेत स्पर्शाबरोबर अंगठ्याच्या स्नायूंच्या ताराही आहेत. तुमच्या डॉक्टरांचा कल पायाकडे का, याचं उत्तर इथे आहे.

शंकासुर

म्हणजे नळ्या हा निव्वळ कंपन्यांचा धंदा समजायचा का? तीस-चाळीस वर्षं संशोधन आणि शेवटी पायाचीच नस!

दहा_शून्य

नाही. एवढं उथळ नाही ते. बोटातली नस कापली, फट सात-आठ मिलिमीटर, नळी घातली, उत्तम चालते. तेवढ्यासाठी पाय कापणं मला स्वतःला अघोरी वाटतं. 2000 साली बोटांच्या नसांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली, पॉलिग्लायकॉलिक ॲसिडच्या विरघळणाऱ्या नळीची. अगदी छोट्या फटींत नळी थेट टाक्यांपेक्षा सरस ठरली. लुंडबोर्ग यांनी माणसांच्या मनगटाजवळच्या मीडियन आणि अल्नर (करंगळीकडची) नसांत जाणूनबुजून 3 ते 5 मिलिमीटर फट ठेवून नळी लावली आणि नेहमीच्या टाक्यांशी तुलना केली. निकाल तोडीस तोड. पाच वर्षांनी नळीवाल्यांना थंडीचा त्रास उलट कमी होता. टोकं नाकाला नाक लावून घट्ट शिवण्याऐवजी थोडी मोकळी सोडली तर कोंब आपापली वाट शोधतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

नळी वाईट नसते. लांब फटीत घातलेली नळी वाईट.

खेकड्याचं_कवच

शंकासुर, माझं पोट या 'धंद्या'वरच आहे, फक्त प्रयोगशाळेच्या बाजूने. कायटोसानच्या नळ्यांवर काम करते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणाऱ्या कायटिनपासून कायटोसान करतात, म्हणून हे नाव.

नळी करायला सोपी वाटते ना? आमची रोजची रडकथा ऐका. सिलिकॉन विरघळत नाही. नस भरून आली की तीच नळी तिला आवळायला लागते, मग ती काढायला परत टेबलावर घ्यायचं. म्हणून विरघळणारी हवी. पण लवकर विरघळली तर आतला पूल तयार होण्याआधी भिंत कोसळते. पॉलिग्लायकॉलिकसारखी द्रव्यं विरघळताना आम्ल सोडतात, तेही फार झालं तर ऊतींना झोंबतं. कोलॅजेन मऊ आणि शरीराला ओळखीचं, पण ओलं झालं की लेचंपेचं. भिंत कडक केली तर मनगट वाकवताना नळी मोडून चिमटते, आणि ही मोड नेमकी सांध्यापाशी येते, जिथे बहुतेक जखमा असतात. भिंतीला छिद्रं नसली तर आत पोषण पोचत नाही. छिद्रं मोठी झाली तर बाहेरून व्रणाचा चिकटा घुसतो. माझ्या टेबलावर आत्ता एक नळी पडलीय, आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की भिंत पावासारखी जाळीदार दिसते. गेल्या वर्षीची तशी नव्हती, काचेसारखी होती. एवढ्या एका फरकात माझं वर्ष गेलं.

दुसरा मार्ग म्हणजे नळी पोकळ ठेवायचीच नाही. आत बारीक तंतू ओवायचे, म्हणजे श्वान पेशींना चढायला दोऱ्या मिळतात. चीनमधल्या नानतुंग विद्यापीठाच्या गटाने कायटोसानच्या नळीत पॉलिग्लायकॉलिकचे तंतू भरून कुत्र्यांच्या मांडीतली 30 मिलिमीटरची फट भरून दाखवली. पुढे 2008 मध्ये एका माणसाच्या मीडियन नर्व्हमधली 35 मिलिमीटरची फट याच पद्धतीने भरल्याचं प्रसिद्ध झालं. एका पेशंटवरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, पण दिशा कळते. जर्मनीत तर कोळ्याच्या रेशमाच्या लडी, पेशी काढून टाकलेल्या शिरेत भरून मेंढ्यांच्या पायातली 6 सेंटीमीटरची फट ओलांडली. कोळ्यांना धरून त्यांच्याकडून रेशीम ओढून घ्यावं लागतं, म्हणून कारखाना निघत नाही.

आणि वाढीची द्रव्यं नुसती ओतून भागत नाही. एका जागी भरपूर ओतली की कोंब तिथेच गुंता करून घुटमळतात, पुढे जायला तयार नसतात. आमच्यात याला गमतीने गोळ्यांच्या दुकानाचा परिणाम म्हणतात. पोर एकदा आत शिरलं की बाहेर येत नाही.

शंकासुर

माघार. 'धंदा' शब्द परत घेतो.

टाचेवर_टिचकी

धागाकर्ती ताई, पाय दिलेला माणूस बोलतोय. चार वर्षं झाली. कोपराच्या वर नस तुटली होती, पोटरीतली सुरल नर्व्ह काढली.

पोटरीच्या मागच्या बाजूला तीन छोटे छेद. दोन आठवडे चालताना ओढ बसायची. पावलाची बाहेरची कड आणि टाचेची बाहेरची बाजू बधिर झाली. पहिल्या वर्षी तळहाताएवढा पट्टा होता, आता तीन बोटांएवढा. नव्या बुटाने तिथे फोड आला तर मोजा ओला झाल्यावर कळतं. बाकी पळतो, जिने चढतो. विचाराल तर पायाचं दुःख नाही. मात्र माझ्याच बरोबरच्या एकाला काढलेल्या जागी गाठ होऊन दुखत राहिलं, हेही सांगायला हवं. ते डॉक्टरांना आधी विचारा.

दहा_शून्य

बरोबर. काढलेल्या नसेचं टोक उघडं राहतं आणि तिथे दुखरी गाठ होऊ शकते. म्हणून ते टोक खोल स्नायूत पुरतात. थोड्या जणांना होतं, पण ज्याला होतं त्याला 'थोड्या जणांना' ऐकून काय समाधान!

माहितीकाका

दान केलेल्या नसेबद्दल कुणी बोललं नाही. मूत्रपिंडासारखी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात का?

खेकड्याचं_कवच

काका, आता नाही. कच्ची, जिवंत पेशींसकट नस लावली तर शरीर ती नाकारतं, म्हणून पूर्वी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागत. सुझन मॅकिननच्या गटाने 2001 मध्ये अशा सात रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. तिथे औषधं कायमची नव्हती. कोंब पलीकडे गेले की बंद करता येतात, कारण तोवर कलमातल्या परक्या श्वान पेशींची गरज संपलेली असते. गंमत म्हणजे त्यातलं टॅक्रोलिमस हे औषध प्राण्यांमध्ये नसेची वाढही थोडी जलद करतं.

आता मिळते ती प्रक्रिया केलेली नस. रसायनांनी तिच्यातल्या पेशी धुऊन काढतात, वाढीला अडवणारे कॉन्ड्रॉइटिन सल्फेटवाले रेणू विकराने कापतात आणि शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. परकं असं काही राहत नाही, म्हणून औषधं नाहीत. नळकांडी जशीच्या तशी. म्हणजे ती नळीपेक्षा पुष्कळ पुढे. पण धुण्यात श्वान पेशीही गेल्या. घर तयार, माणसं नाहीत. पेशंटच्या दोन्ही टोकांतून त्या आत चालत याव्या लागतात, आणि लांबी वाढली की चालून दमतात.

दहा_शून्य

ही उपमा नेमकी आहे. व्यवहारात बोटांच्या नसा, मध्यम फटी, किंवा ज्याला पायावर सुरी नकोच आहे त्याच्यासाठी मी ती आनंदाने वापरतो. लांब, जाड आणि स्नायूंच्या तारा असलेली नस असेल तर हात आखडता घेतो. सगळे सहकारी माझ्याशी सहमत नाहीत, हेही नमूद करतो.

खांद्याचा_बाप

मुलाचा दुचाकीचा अपघात, खांद्यापाशीच्या सगळ्या नसा ताणून तुटल्या. कोपर वाकत नाही. आठवा महिना चालू आहे. कलमाने होईल का?

दहा_शून्य

काका, तुम्ही घाई करा, बाकीचं नंतर वाचा. खांद्यापासून दंडाच्या स्नायूपर्यंत कोंबांना महिने लागतात आणि तोवर स्नायू वाट पाहत झिजत असतो. साधारण 12 ते 18 महिन्यांनंतर कोंब पोचूनही उपयोग होत नाही, आणि रिकाम्या नसेतल्या श्वान पेशीही थकून हाका मारणं सोडतात. अशा वेळी फट भरत बसण्याऐवजी शेजारच्या चालू नसेतली तंतूंची एक जुडी स्नायूच्या अगदी जवळ आणून जोडतात. क्रिस्तोफ ओबेर्लाँ यांनी 1994 मध्ये अल्नर नर्व्हची एक जुडी दंडाच्या नसेला जोडून कोपर वाकवून दाखवला. लांबचा रस्ता दुरुस्त करण्यापेक्षा शेजारच्या गल्लीतून लाइन ओढणं. फ्यूजवायर, ही उपमा तुमच्यासाठी. ब्रेकियल प्लेक्ससचं (खांद्यापाशीच्या नसांच्या जाळ्याचं) काम नेहमी करणाऱ्याला या आठवड्यातच दाखवा.

खांद्याचा_बाप

उद्याच जातो. देव भलं करो.

नुसता_वाचक

ज्या श्वान पेशी कमी पडतात म्हणताय, त्या बाहेर वाढवून नळीत भरत का नाहीत?

खेकड्याचं_कवच

नुसते वाचक न राहता मुद्द्याचं विचारलंत! भरतात. मायामीमध्ये मांडीची नस 7.5 सेंटीमीटर गेलेल्या एका रुग्णाला त्याच्याच श्वान पेशी प्रयोगशाळेत वाढवून, सुरलच्या कलमांबरोबर लावल्या. 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं. अडचण ही, की त्या पेशी मिळवायला आधी एक नस कापावी लागते आणि वाढायला आठवडे लागतात. तोवर घड्याळ चालूच.

जपानमध्ये क्योटो विद्यापीठात पेशंटच्याच कातडीतल्या पेशींचे बारीक गोळे करून, ते सुयांवर ओवून, एकमेकांना चिकटू देऊन अख्खी नळी पेशींचीच बनवतात. बाहेरचं द्रव्यच नाही. त्या सुयांच्या मांडणीला केनझान म्हणतात, म्हणजे फुलं खोचायची खिळ्यांची तबकडी. तीन रुग्णांच्या बोटांच्या नसांत त्या बसवल्यात. गुलाबवाल्यांना आवडेल.

गुलाबवाला

आवडलं. आमचे काटे कामी आले म्हणायचे.

मणी_मोज

हाताची थेरपिस्ट आहे. सगळं लक्ष फटीवर आहे, म्हणून पलीकडचं सांगते.

कोंब पलीकडे गेले तरी जुन्याच घरात शिरतील याची खात्री नाही. तर्जनीचा अक्षतंतू मधल्या बोटाच्या नळकांड्यात शिरतो आणि मेंदू त्याला अजून तर्जनीच समजतो. हात नवी भाषा बोलतो, मेंदूकडे जुनाच शब्दकोश. तो बदलावा लागतो. मी डोळे मिटून मणी, स्क्रू, लाकडाचे ठोकळे ओळखायला लावते. आधी डोळे उघडून, मग मिटून, परत उघडून. रोज तीनदा, दहा दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. परत येणारी संवेदना आधी मुंग्या आणि झोंबण्याच्या रूपात येते, तेव्हा लोक घाबरून सोडून देतात.

डॉक्टर, शस्त्रक्रियेनंतर विजेचं उद्दीपन देता का?

दहा_शून्य

काही ठिकाणी देतात. टेसा गॉर्डन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की शिवल्यावर लगेच, 20 हर्ट्झने, एकच तास दिलं तरी अक्षतंतू फट लवकर ओलांडतात. ओलांडल्यावरची चाल तीच राहते, उंबरठ्यावरचा घोळका तेवढा लवकर हलतो. माणसांत मनगटाच्या दबलेल्या नसेवर चाचणी झाली, निकाल आशादायक आहेत.

आणि एक राहिलंच. नळी असो वा कलम, निम्मा निकाल ते लावायच्या आधीच ठरतो. गाठ छाटताना मी नस पावाच्या चकत्यांसारखी मिलिमीटरभर कापत जातो. आधी पांढरा, वातट व्रण दिसतो. आणखी एक चकती. मग एका क्षणी कापलेल्या तोंडातून जुड्यांची टोकं फुगून वर येतात आणि बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. तिथे थांबायचं. फट लहान ठेवण्याच्या मोहात दोन चकत्या आधी थांबलं की जगातली कुठलीही नळी वाचवत नाही. तेव्हा ताई, तुमची अडीच सेंटीमीटर टेबलावर तीनही होऊ शकते. डॉक्टरांना हे विचाराच, आणि फट वाढली तर काय करणार हे आधीच ठरवून ठेवा.

उजवा_हात_सुट्टीवर

सगळ्यांचे आभार. विचारलं. पाय द्यायचं ठरलं. पुढच्या मंगळवारी.

नुसता_वाचक

शुभेच्छा ताई. धागा वर काढत राहा.

उजवा_हात_सुट्टीवर

दहा महिन्यांनी धागा वर काढतेय. उजव्या हाताने टंकतेय, हळू.

फट शेवटी 3 सेंटीमीटर झाली, डॉक्टर म्हणालेत तसंच. सुरलचे चार तुकडे लागले. पावलाची कड बधिर आहे, बूट बदलले.

पहिला महिना काहीच नाही. मग टिनेलची टिचकी शिकवली. मनगटापासून बोटाकडे हळूहळू टिचक्या मारत जायचं, जिथे बोटांत करंट मारल्यासारखं होतं तिथवर कोंब आलेत असं समजायचं. मी पेनने खूण करून बाजूला तारीख लिहायचे. रोज खूण करायचा हट्ट सोडायला दोन आठवडे लागले, कारण 1 मिलिमीटर पेनच्या रेघेतच जातो. महिन्याने एकदा करायला लागले तेव्हा कुठे ती हललेली दिसली. पाचव्या महिन्यात अंगठ्याच्या बुडात काहीतरी फुरफुरलं. सातव्यात टोकांना मुंग्या आल्या, रात्री उशीचा स्पर्श नको व्हायचा. मधल्या बोटाला हात लावला की अजून तर्जनीला लावल्यासारखं वाटतं. मणी_मोज ताई, तुमचे ठोकळे चालू आहेत. थंडीत हात अजून दुखतो.

काल अंधारात पिशवीत हात घालून, न बघता किल्ली काढली. घरच्यांना हाका मारून दाखवली. दिवा लावला तर नेलकटर होता.

मणी_मोज

धातू आहे हे कळलं ना? आता पिशवीत एक लाकडी वस्तू टाका.